जुन्या सोयी, नवा भाग

“तुम्हीपण खेळता? बायोडाटात तर छंद म्हणून वाचन लिहिलंय,” उदयसिंह म्हणाला.

“ते आईनं लिहिलं,” वैष्णवी म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. शुक्रवार पेठेतल्या वैष्णवीच्या घराच्या गच्चीवर दोघांना एकमेकांशी बोलायला पाठवलं होतं. खाली दोन्हीकडची मोठी माणसं पोहे खात बसली होती, आणि वैष्णवी सोडून सगळ्यांचं ठरलेलं होतं. मुलगा मोहोळचा, नोकरी पुण्यात, फ्लॅट स्वतःचा. वर येताना जिन्यात वडील तिला हळूच म्हणाले होते, “एवढं जमू दे बाळ.”

याआधी बघायला आलेल्यांनी तिला भाकरी थापता येते का, विचारलं होतं. एकानं चालून दाखवायला सांगितलं होतं. यानं खेळाचं विचारलं. संगणकावरचा खेळ. घर बांधायचं, माणसं घडवायची, त्यांना जेवू घालायचं, कामाला लावायचं, त्यांची लग्नं लावायची. त्याचा चौथा भाग नुकताच आला होता आणि दोघांनीही तो घेतला होता. वैष्णवीला बरं वाटलं. थोडा वेळ तो तिला आवडलाही.

“नवीन काय दिलंय, सांगा बरं?”

“फरशीचे रंग.”

“करेक्ट! भाव नवा, माल जुना. नव्या घरात राहायला गेलं की शेजारी अजून तोच केक घेऊन येतात.”

“आणि आत येऊन आपलाच टीव्ही बघत बसतात.”

“आणि स्वयंपाक न येणारा गॅसपाशी गेला की आग.”

“आणि आग लागली की पळायचं सोडून सगळे तिथंच उभे राहून ओरडतात.”

“चारही भागांत!”

दोघंही हसली. खाली कुणीतरी समाधानानं खाकरलं.

“पण एक जुनी सोय त्यांनी ठेवली, त्याबद्दल मी त्यांना मानतो,” उदयसिंह कठड्याला टेकत म्हणाला. “दार काढून टाकता येतं. तू करतेस का कधी?”

तुम्हीचं तू झालं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

“कसलं दार?”

“खोलीचं. माणूस आत असताना दार काढायचं आणि तिथं भिंत घालायची. मी पहिल्या भागापासून करतो. लग्न लावायचं, थोडे दिवस संसार, मग बायकोला एका खोलीत घालायचं. आणि नुसतं बघायचं. आधी ती फेऱ्या मारते. मग वर बघून हात हलवते, आपल्याकडे. काहीतरी बोलते पण. ती भाषा कुणाला कळते? म्हणून तर बरंय.”

वैष्णवी हसली नाही. तिला समजलं नसावं, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, नव्या माणसाला लिफ्टची बटणं समजावून सांगावीत तसं.

“मग?” तिनं विचारलं.

“मग काय, मरते. दुसरी करायची. गेम आहे तो.”

“या भागात केलंत?”

“केलं ना. सोय ठेवलीय की काढलीय, ते बघायलाच.” तो जरा लाजला. लाजल्यावर तो फार चांगला दिसत होता. “सांगू? तुझा फोटो आला ना, त्याच दिवशी तुलाच केली. नाक काही केल्या जमेना. साडी नसते त्यात, पण हिरवा ड्रेस सापडला. नावपण वैष्णवीच ठेवलं. रोमँटिक आहे की नाही?”

“आपला संसार बरा झाला का?”

“कुठला संसार! घाई होती. थेट खोलीतच.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. कडक इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, मनापासूनचं हसू. आपण हिला काहीतरी भेट दिली आहे, असं त्याला खरोखरच वाटत होतं.

“चला खाली,” ती म्हणाली.

खाली तिची आई स्वयंपाकघरात चहा उकळत होती. उदयसिंहची आई, बजाबाई, सोफ्यावर ऐसपैस बसून वैष्णवीच्या वडिलांना सांगत होत्या, “आमच्या उदयला कसला म्हणून नाद न्हाय बघा. सुट्टीचा घर सोडत न्हाय. लई साधा हाय.”

“दिसतंच की,” वडील म्हणाले आणि त्यांनी आशेनं लेकीकडे पाहिलं.

वैष्णवी देवघरातून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली. बजाबाईंच्या कपाळावर तिनं आधी हळद लावली, मग कुंकू. वाकून नमस्कार केला. घरी आलेल्या बाईला कुंकू लावतात ते ती जायला उठल्यावर. बजाबाई अजून बसलेल्या होत्या, आणि बशीतले पोहे अर्धे होते.

“अगं, चहा होतोय,” आई दारात येऊन म्हणाली.

“राहू दे आई. त्यांना मोहोळ गाठायचंय. ऊन वाढतंय.”

वडील खिडकीबाहेर बघू लागले. बजाबाईंनी बशी खाली ठेवली. कुंकू लावल्यावर बसून राहायचं कसं, ते त्यांना कळेना. त्या उठल्या, पदर सावरला, आणि त्यांचे यजमान मानसिंगराव उगाचच घड्याळ बघत त्यांच्या मागोमाग उठले.

उदयसिंह जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता. वैष्णवी जवळून जाताना त्यानं तिला हळूच विचारलं, “म्हणजे हो समजू ना?”

बजाबाईंनी पोराचा दंड धरला.

“पायतान घाल,” त्या म्हणाल्या.