तिसरा मासा

"खाल्लं का त्याने?" आबांनी विचारलं.

"नाही," नात म्हणाली. "मोठ्या माशाने परत हुसकावलं. कोपऱ्यात जाऊन बसलाय."

आबांनी काचेच्या पेटीकडे तोंड वळवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पेटी म्हणजे त्यांच्या लेखी एक पिवळट धुरकट डाग आणि मोटरची गुरगुर. पण माशांचं त्यांना पुष्कळ कळायचं. उभा जन्म केस कापण्यात गेला आणि थांबलेल्या गिऱ्हाइकांना करमणूक म्हणून दुकानात मासे पाळले. कुठला मासा आजारी आणि कुठला नुसता घाबरलेला, हे ते कात्री चालवता चालवता सांगायचे.

नातीचं लाडाचं नाव बडबडी. घर बदललं, शाळा बदलली आणि बडबडीची बडबड बंद झाली. आईने विचारलं, बापाने विचारलं, उत्तर एकच, "काही नाही." शेवटी आबाच मुलाला म्हणाले, "हिला मासे आण. दोन आण, एकटा कंटाळतो." बापलेक दुकानात जाऊन आले आणि पोरगी बोलायला लागली. फक्त आबांशी, आणि फक्त माशांबद्दल.

त्यातला छोटा मेला तर हेही दार बंद होणार, ही धास्ती आबांनी घेतली होती.

"पर पसरून बसतो की मिटून?"

"मिटून. अंग चोरून."

"रंग?"

"उतरलाय."

"अंगावर पांढरे ठिपके?"

"नाही. पोटात दुखतं त्याच्या. सकाळी सकाळी."

आबा हसले. "माशाचं पोट दुखलेलं तुला कळतं होय गं, डॉक्टरीणबाई?"

ती हसली नाही.

"ठिपके नाहीत ना? मग आजार नाही, धसका आहे," आबा म्हणाले. "मोठ्याला वाटतं, पेटी त्याच्या बापाची. त्याच्याशी भांडत बसायचं नाही. तो या टोकाला, तर छोट्याचं खाणं त्या टोकाला. पोटात अन्न गेलं की धीर येतो."

आतून सूनबाईंचा आवाज आला. "डबा परत तसाच! आणि दप्तराचा पट्टा पुन्हा तुटला? मी काय शिंपीण आहे?"

"राहू दे गं," आबा म्हणाले. "माशाचं दुखणं पोरीने अंगाला लावून घेतलंय. तो खाईल तशी ही खाईल."

आणि तसंच झालं. थोड्या दिवसांनी बडबडी कानाशी येऊन म्हणाली, "लांब जाऊन खाल्लं. अर्धं." त्या दिवशी डबाही अर्धा रिकामा होता. आबांनी सुनेच्या आवाजाकडे तोंड करून मिशीवर बोट फिरवलं.

"पण मोठा आता तिकडेही येतो," बडबडी म्हणाली.

"मग पेटीतले दगड हलव. मांडणी बदलली की कुठली जागा कोणाची, तेच कळत नाही. दादागिरी जागेच्या जोरावर चालते."

"मी हलवू?"

"नाही जमलं तर मोठ्या माणसाला सांग. त्यात लाज कसली? माशाला तोंड असून सांगता येत नाही, तुला येतं ना?"

ती काचेवर नखाने टकटक करत राहिली.

दोन-तीन दिवसांनी शाळेतून आली ती धावतच. "आबा, हलवले! सगळ्यांच्याच जागा बदलल्या!"

"मोठा काय म्हणतो?"

"फुगून बसलाय."

"बसू दे. आता एक तिसरा हवा, शांत स्वभावाचा. एकट्याला छळणं सोपं असतं. जोडीने फिरायला लागले की मोठ्याचा जोर ओसरतो. बापाला सांग, आणेल."

बापाला तिने सांगितलं असणार, कारण पुढच्याच आठवड्यात तिसरा आल्याची बातमी तिने आणली.

"कसा आहे?"

"खूप हसवतो."

"हसवणारा मासा आमच्या दुकानात कधी आला नाही बुवा!"

यावर बडबडी खदखदून हसली. सूनबाई हातातली पोळी तशीच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

आबा डोळ्याच्या ऑपरेशनला निघाले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला. "दिसायला लागल्यावर रागावणार नाही ना?"

"कशाला रागावू?"

"असंच."

पट्टी निघाली आणि आबा घरी आले. मुलाने रजा काढली होती. आबा चष्मा सावरून बसतात तोच जिन्यात गलका झाला. बडबडी आत आली, तिच्यामागून दोन वेण्यांची एक मुलगी. ती मुलगी स्वयंपाकघरात जाऊन काय बोलली कोण जाणे, सूनबाई हसून हसून खोकायला लागल्या. बडबडीचा आवाज तर सगळ्यांच्या वर.

आबा उठून पेटीपाशी गेले.

एक मासा. लालभडक, पर पसरलेले, शेपटी धड. त्यांनी दगडांमागे पाहिलं, मोटरच्या मागे पाहिलं, वाकून तळ पाहिला. मग मुलाला खुणेने जवळ बोलावलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "बाकीचे दोन कधी मेले? पोरीला माहीत आहे का?"

"कुठले दोन?" मुलगा म्हणाला. "दुकानदाराने तेव्हाच सांगितलं, ही जात एकटीच ठेवायची. आबा, पहिल्या दिवसापासून पेटीत हा एकच मासा आहे."