छत्रीचं तोंड

टीव्हीची छत्री परत झुकली, असा सुकरीबाईंचा फोन आला. आठवड्यात तिसऱ्यांदा मी चामोर्शीहून मोटारसायकलने चाळीस किलोमीटर जंगल पार करत गेलो.

उपग्रह आभाळात एका जागी उभा असतो, म्हणून एकदा लावलेली छत्री हलवायची नसते. हे सांगून सांगून मी थकलो होतो.

सोमवारी छत्रीचं तोंड दूरच्या धानाच्या बांधीकडे होतं. बुधवारी ते विहिरीकडे होतं. दोन्ही वेळा मी ते आभाळाकडे केलं.

आज शिडी चढलो, तर बाई खालून म्हणाल्या, "राहू दे भाऊ. आज तं चित्र सगळ्यात साफ दिसून राह्यलं."

मीटर लावला. सिग्नल पूर्ण होता.

छत्रीमागून वाकून पाहिलं. तिचं तोंड खाली अंगणात उभ्या माझ्या मोटारसायकलकडे होतं. मागची सीट रिकामी होती, पण कोणी बसल्यावर दबते तशी दबलेली.