घोडी खोकत होती

“घोडी आजारी होती,” सायराकान म्हणाली.

टेबलापलीकडे सुनावणी घेणारे तिघे बसले होते. मधल्या अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. अलीकडच्या खुर्चीत तिची नात बेगायिम. पैलवान पोर, कुस्तीनं कान मुडपलेले, मान खाली. स्पर्धेनंतरच्या तपासणीत तिच्या लघवीत एक औषध सापडलं होतं. जनावराला दिलं तर खोकला उतरतो, माणसानं घेतलं तर अंगावर मांस चढतं. ते पोटात कसं गेलं हे बेगायिमनंच सिद्ध करायचं, नाहीतर चार वर्षं कुस्ती बंद. चार वर्षं घरी बसून परत आखाड्यात उतरलेली बाई अख्ख्या किर्गिझ मुलखात कुणी पाहिली नव्हती.

“आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला कापली, तीच घोडी?” अध्यक्षांनी विचारलं.

“तीच. खोकत होती. माझ्या ह्या लेकानं तिला इंजेक्शनं दिली, आणि बरी व्हायच्या आत कापली.”

मागच्या खुर्चीवरून तिचा लेक तोक्तोसुन ताडकन उठला. “आई, काय बोलतेस! सगळं खोरं जेवलं त्या दिवशी!”

“जेवलं ना? मग बस खाली. पचलं असेल एव्हाना.”

तो बसला. मेलेल्या बापाच्या नावानं खोकणारी घोडी वाढली, हे त्या खोऱ्यात कुणी विसरणार नव्हतं. लग्नं ठरवताना काढतील, भांडताना काढतील. सायराकानला हे लेकापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“आणि नातीनं ते मांस खाल्लं?”

“खाल्लं नाही. मी भरवलं.” तिनं उजव्या हाताची बोटं जुळवून दाखवली. “बारीक कापलेलं, कलेजीसकट, मूठभर. ही नको नको म्हणत होती. कुस्त्या जवळ आल्यात, बाहेरचं खायचं नाही म्हणाली. मी म्हटलं, माझा हात बाहेरचा झाला काय गं? चारचौघांत थोरल्यांच्या हातचा घास नाकारतात? तुम्ही नाकाराल, साहेब?”

अध्यक्षांनी पेन पुन्हा उचललं. त्यांच्याही तोंडात कुणीतरी असाच घास कोंबला असणार.

समोरच्या बाजूची वकीलबाई चिनारा उठली. आवाज अगदी मधाळ. “आपा, आमचा चौकशीचा माणूस तुमच्या घरी आला होता. आठवतंय?”

“आठवतंय की. चहा पाजला, लोणी वाढलं. अर्धा वाडगा एकट्यानं संपवला त्यानं.”

“त्यानं विचारलं, घोडी धडधाकट होती का. तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?”

चिनारानं पुढ्यातला कागद उचलला.

“मी वाचते. ‘आमच्या घरी मयताच्या जेवणाला कळपातली सगळ्यात चांगली घोडी कापतात. तुमच्या घरी काय कापतात, मला ठाऊक नाही.’”

टेबलामागचा एकजण हसू दाबायला खोकला.

“पाहुणा होता तो,” सायराकान म्हणाली. “माझ्या चुलीपाशी बसून, माझा चहा पीत विचारतो. त्याला काय सांगू, आम्ही रोगट जनावर वाढलं म्हणून?”

“म्हणजे खोटं तेव्हा बोललात, की आज बोलताय?”

“तेव्हा लाज होती. आज पोर आहे.”

चिनारानं मान हलवली, जणू पटलंच. “इंजेक्शनाची बाटली?”

“कोण जपून ठेवतं?”

“डॉक्टरची चिठ्ठी?”

“आमच्याकडे सुई मेंढपाळच टोचतात.”

“मांस थोडंफार उरलं असेल?”

“त्या दिवशीचं मांस घरात उरवतात? ज्यानं त्यानं आपापला वाटा बांधून नेला.”

“हाडं तरी?”

“कुत्र्यांना विचार.”

चिनारा तोक्तोसुनकडे वळली. “तुम्ही सांगा. दिली होती इंजेक्शनं?”

तोक्तोसुननं मांडीवरची लोकरीच्या नमद्याची टोपी फिरवली. आईकडे पाहिलं नाही. पुतणीकडेही नाही.

“घोडी चांगली होती,” तो म्हणाला.

सायराकाननं टेबलाची कड धरली. “बरं. आम्ही सगळे खोटारडे. पण ह्या पोरीनं ते औषध मुद्दाम घेतलं, हे कुणी पाहिलंय?”

“ते दाखवायची आम्हाला गरज नाही, आपा,” अध्यक्ष म्हणाले. आवाज कडक नव्हता. “तिच्या अंगात सापडलं, तेवढं आम्हाला पुरतं. पुढचं तुम्ही दाखवायचं.”

मग त्यांनी चहापुरती सुट्टी दिली.

बाहेर व्हरांड्यात बेगायिमचा वकील उलान खिडकीपाशी उभा राहिला. तोक्तोसुन जिना उतरून गेला होता. “एक वाट उरलीय,” उलान म्हणाला. “‘औषध मी मुद्दाम घेतलं’ असं हिनं आज संध्याकाळच्या आत लिहून दिलं, तर ते एक वर्ष कमी करतात.”

“आणि खरं बोललं तर?” सायराकाननं विचारलं.

“तर पूर्ण चार.”

“नाही लिहायचं. ही काय चोर आहे?”

“तीन वर्षं मला निभतील,” बेगायिम म्हणाली. सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य.

“मी आत सगळ्यांसमोर काय काय कबूल केलं, ऐकलंस ना? कुणासाठी?”

“ऐकलं, आजी. काय मिळालं?”

सायराकाननं रिकाम्या जिन्याकडे पाहिलं.

बेगायिम वकिलाकडे वळली. “पण कुठून घेतलं विचारतील ना? कुणाकडून, कधी? मला तर त्या औषधाचं नावही नीट घेता येत नाही. ह्याचा पुरावा कुठून आणू?”

उलाननं पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं.

“छे गं. कबुलीला कुणी पुरावा मागत नाही.”