बाभळीच्या सालीचं पाणी

वाकवताच कातडं कडकन मोडलं. ही तिसरी खेप होती.

सत्यशीलेने दोन्ही तुकडे घमेल्यात टाकले. गावच्या तळ्यात कोणीतरी परदेशी मांगूर मासा सोडला होता. तीन वर्षांत त्याने रोहू-कटल्याची पिल्लं फस्त केली. भोई तो जाळ्यातून काढायचे आणि काठावर फेकून द्यायचे. त्याच मांगुराच्या कातड्याच्या पर्स होतात, हे ती एका शिबिरात शिकून आली होती. बचत गटातल्या आठ बाया तिच्या भरवशावर उभ्या राहिल्या होत्या. दहा दिवसांत संभाजीनगरला नमुना दाखवायचा होता. बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवूनही कातडं मऊ होत नव्हतं.

तिचे आजोबा, साहेबराव गुरुजी, ओसरीवर पाठ करून बसले होते. तिने हे काम धरल्यापासून तीन आठवडे ते असेच बसत होते. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि त्यांच्या वडिलांनी गावची मेलेली ढोरं ओढणं, कातडी कमावणं सोडलं. गावाने वर्षभर दळण बंद केलं, विहीर बंद केली. वडील वाकले नाहीत.

"आबा, लहानपणी तुम्ही पाह्यलंय ना? कुठं चुकून राह्यलं, एवढं तरी सांगा."

"त्यातून निघायला तुझ्या पणज्यानं काय सोसलं, म्हाईत हाय का? अन् तेच मी तुला शिकवू?"

ती घमेलं उचलून उकिरड्याकडे निघाली.

"बायांला सांगते, बंद करा म्हणून. मलाच जमत न्हाई. मी ढच हाय, आबा."

चाळीस वर्षं गुरुजींनी वर्गात हा शब्द कोणाला उच्चारू दिला नव्हता. पोर ढ नसतं, त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं, असं ते म्हणत. आणि इथे सांगणारा तीन आठवडे पाठ करून बसला होता.

"थांब. ठेव ते खाली." गुरुजी उठले. "सालीचं पाणी पहिल्याच दिवशी एवढं कडक करत न्हाईत, बाई. कातडं वरून आवळतं, आतून कच्चं राहतं. आधी फिक्कं पाणी. मंग रोज थोडं थोडं कडक."

त्यांनी बाह्या वर सारल्या. नवं कातडं दुसऱ्या घमेल्यात फिक्या पाण्यात सोडलं आणि नातीचा हात हातात धरून ते कसं चोळायचं, हे दाखवू लागले.

फाटकाशी बद्रीनाथ येऊन थांबला. त्याच्या आज्याच्या गोठ्यातली ढोरं गुरुजींच्या वडिलांनीच ओढली होती. त्याने घमेल्यात डोकावून पाहिलं आणि हसला.

"काय गुरुजी, घरचं काम पुन्हा धरलं म्हणायचं!"

सत्यशीलेचे हात पाण्यात थांबले. गुरुजींचे थांबले नाहीत.

"पुन्हा न्हाई, बद्रीनाथ. आमच्या घरात हे काम आपल्या मर्जीनं आज पहिल्यांदाच होऊन राह्यलंय."