सेफेरिनोबाबांची तपासणी

“दमा आहे का?”

सिप्रियाना आजी खुर्चीवर वाकल्या, कान लावला. “नाही म्हणतो.”

नोएमीनं कागदावर खूण केली. खुर्चीत, टॉवेलच्या चुंबळीवर, सेफेरिनोबाबा होते. म्हणजे त्यांची कवटी. डोक्यावर विणलेली निळी टोपी, डोळ्यांच्या खोबणीत कापूस, दातांत विझलेली सिगरेट.

उद्या कवट्यांचा सण. डोंगरावरच्या या एल आल्तो शहरात कितीतरी घरांत कपाटावर एखादी कवटी असतेच. तिला नाव असतं, मेणबत्ती असते, हरवलेलं माणूस कुठंय तेही लोक तिलाच विचारतात. सणाला तिला फुलांचा मुकुट घालायचा आणि बँड लावून दफनभूमीत मिरवत न्यायचं. पण दात साफ करायला दातांच्या दवाखान्यात कुणी आणलेली नोएमीनं आजवर पाहिली नव्हती.

“वर्षभर लोक चघळायला कोकाची पानं देतात, सिगरेटी देतात,” आजी म्हणाल्या होत्या. “दात बघ कसे काळे झालेत. चार माणसांत न्यायचं तर बरं दिसतं का?”

डॉक्टर उर्किसो खो खो हसले होते. “नोएमी, घासून टाक पटकन. हा पेशंट ओरडणार तरी नाही!”

“घासून टाक? भांडं आहे का हे?” आजी अशा भडकल्या! “मला या खुर्चीत बसवलं तेव्हा रक्तदाब काय, साखर काय, डोकं खाल्लंत माझं. मग त्याला नको विचारायला? मेला म्हणून काय मान नाही त्याला?”

“विचार गं बाई, सगळं विचार,” म्हणत डॉक्टर जेवायला निघून गेले.

तर नोएमी विचारत होती. आधी तिलाही हसूच येत होतं.

“हृदयाचं काही?”

आजी बराच वेळ वाकून राहिल्या. “लहानपणी सांधे धरून ताप आला होता म्हणतो. तेव्हापासून छातीत धडधडतं.”

नोएमीचं पेन थांबलं. तिचा धाकटा भाऊ रेनान. त्याला असाच ताप आला होता, तेव्हापासून त्याचे दात साफ करायच्या आधी तिला हृदयासाठी गोळी द्यावीच लागायची.

रेनान नदीतून सोनं काढायच्या कामाला गेला होता. कार्निव्हलनंतर, आठ-नऊ महिने, त्याचा फोनच नाही. मागच्या आठवड्यात मृतांच्या दिवशी घरोघरी मेलेल्यांच्या नावानं पावाच्या बाहुल्या भाजल्या. मावशीनं हळूच विचारलं, रेनानची एक करायची का? आईनं पिठाची परातच उचलून ठेवली. “जिवंत पोराचा पाव भाजतात का गं? जीभ झडेल तुझी!”

“कुठलं औषध सोसत नाही, असं काही?” नोएमीचा आवाज बारीक झाला.

“पेनिसिलिन. अंगभर गांध्या उठतात.”

रेनानच्याही उठायच्या.

“आजी, हे... हे तुम्हाला कुठं मिळाले?”

“आईकडून आले मला. का गं?”

“खरं सांगा!”

“अगं, खोटं कशाला सांगू? तू विचार पुढं. तो कंटाळतोय.”

“आत्ता काही त्रास?”

आजींनी पुन्हा कान लावला आणि शाल अंगाभोवती ओढून घेतली. “थंडी वाजते म्हणतो. कानात पाणी गेलंय, निघतच नाही.”

नोएमीनं कागद टाकला. दिवा ओढला. घाईत हातमोजा फाटला. दुसरा घातला. सिगरेट काढली, आरसा आत घातला. रेनानचा पुढचा दात तुटका होता, झोपाळ्यावरून पडून, अर्धा. तिनं श्वास धरला आणि बघितलं.

पुढचे दात अख्खे होते. झिजून सपाट झालेले, म्हाताऱ्या माणसाचे. मागच्या दाढा कधीच पडून गेलेल्या, त्यांच्या जागा हाडानं भरून गुळगुळीत झालेल्या.

रेनान नव्हता. पंचविशीचं माणूस नव्हतंच ते!

नोएमी तशीच स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. संध्याकाळी आईला सांगायचं असं तिनं ठरवूनही टाकलं, तुझंच बरोबर होतं गं.

“काय झालं पोरी?”

“काही नाही हो आजी.” तिनं नाक पुसलं, बाबांची टोपी नीट केली. “घाबरवलंत मला. हे म्हातारबाबा आहेत, दाढासुद्धा शिल्लक नाहीत. आणि तुम्ही तरण्या पोराची दुखणी सांगत बसलात.”

“मग पोराचीच आहेत की.” आजींना नवल वाटलं. “सेफेरिनोला काय धाड भरलीय? तुझे प्रश्न सुरू झाले तसा एक पोरगा येऊन त्याला चिकटून बसलाय, नखशिखांत भिजलेला. ऊठ म्हटलं तर उठत नाही. दातांची भीती वाटते म्हणतो, पण म्हणतो इथं माझी ताई आहे, ती दुखू देत नाही.”