डिकीतलं पोतं

“आमच्या अँबॅसिडरपुढे तुमची फियाट कसली टिकणार, वहिनी! चिखलाच्या चढावर चाकं जागीच फिरत राहिली,” कुमुदचे दीर पुन्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीवरून हसले. हरणाऱ्यानं गाडी चालवणं कायमचं सोडायचं, अशी पैज होती. कुमुदनं ती पाळली होती.

“गाडी मागच्या चाकांवर चालते, भावोजी. ती घसरू नयेत म्हणून तर मी डिकीत वाळूचं पोतं ठेवलं होतं. तरी कशी हरले?”

“ते दादानं गुपचूप माझ्या डिकीत टाकलं ना! म्हणाला, हरली की घरात बसेल.”

कुमुदनं नवऱ्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत राहिले. पन्नास वर्षं तिनं स्वतःच्याच हातांना दोष दिला होता.

अंगणातली फियाट अजून चालू होत होती. तिनं किल्ली उचलली.

“चला, त्याच चढावर,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्ही मागे बसा. वजन लागतं.”