शाई लागलेलं बोट

"मावशी, ओळखपत्राशिवाय नाही चालणार," मास्तर म्हणाले आणि आपणच ओशाळले.

याच शाळेत मावशींनी तीस वर्षं घंटा वाजवली होती. मास्तर पहिलीत असताना त्यांच्या बुटांच्या नाड्या त्याच बांधायच्या. आज वर्गात मतदान होतं, मास्तर केंद्रप्रमुख होते आणि मावशींचं कार्ड राहिलं होतं लेकीच्या घरी, दोन बस पलीकडे.

"अरे, यादीत नाव आहे. तू तर मला ओळखतोस!"

"मी ओळखतो हो. कायदा नाही ना ओळखत."

तेवढ्यात दारात एकच गडबड उडाली. मंत्रिसाहेब आले. बोगस मतदान रोखायचं म्हणून ओळखपत्राची सक्ती यांनीच आणलेली. साहेबांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि मोकळं हसले. "घ्या! घरीच राहिलं की."

"साहेब, तुम्हाला कोण ओळखत नाही?" मास्तर खुर्चीतून उठलेसुद्धा. हे आपल्याच तोंडून कसं निघालं, ते त्यांनाही कळलं नाही.

मत देऊन साहेब वळले, तर मावशी अजून तिथेच. मास्तरांनी चाचरत अडचण सांगितली.

"नियम सगळ्यांना सारखा, मावशी. तुमचं मत कुणी चोरू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप," साहेब लाडाने म्हणाले.

बाकावर बसलेल्या त्यांच्या माणसाने मोबाइल काढला. "साहेब, आजींबरोबर एक फोटो होऊन जाऊ दे."

साहेबांनी टेबलावरची शाईची काडी उचलली, मावशींचा हात धरला आणि बोटावर रेघ ओढली.

"अहो, पण माझं मत अजून..."

"होईल हो, होईल. बोट वर करा. हसा!"

मास्तरांचा हात अर्धा उठला आणि तसाच खाली आला. नोकरीची अजून अकरा वर्षं बाकी होती.

जायला दोन बस, यायला दोन बस. मतदान संपायला दहा मिनिटं उरली असताना मावशी धापा टाकत आल्या. मास्तरांनी कार्ड पाहिलं. नाव बरोबर, फोटो बरोबर. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"थांबा," साहेबांचा माणूस बाकावरून म्हणाला. मतदारांवर लक्ष ठेवायला तो सकाळपासून तिथेच बसला होता. "बोटाला शाई आहे. यांचं मत झालंय."

"ती तुमच्या साहेबांनीच लावली! याला विचारा!"

मास्तर कार्डाकडे बघत राहिले. तोंड उघडायचं तर साहेब कार्डाशिवाय मत देऊन गेले, तेही सांगावं लागलं असतं. मावशी वाट बघत होत्या. लहानपणी खोडी पकडल्यावर बघायच्या, तशा.

माणसाने मोबाइल पुढे केला. फोटोत साहेब, मावशी आणि वर केलेलं बोट. खाली लिहिलं होतं, 'आजींनी हक्क बजावला!' हजारो लोकांनी तो पाहिला होता.

"नीट बघा. या तुम्हीच ना?"

मावशींनी चष्मा सारखा केला. खोटं बोलायची सवय नव्हती.

"मीच," त्या म्हणाल्या.